डॉक्टरला तुमच्या भाकरीची वेळ सांगा

औसा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात. पत्र लांब होतं, त्यातलं मुख्य तेवढं त्यांच्याच शब्दात देते.

“सिस्टरबाई, माझं वय ४६. आठ महिन्याखाली शुगर निघाली, जेवून तपासलं तर २६८. डॉक्टरनी गोळी दिली, सकाळी एक सांजच्याला एक. पाकिटावर ग्लिमेपिराइड २ आन् मेटफॉर्मिन १००० एसआर लिहेलं हाय, पोरानं वाचून सांगितलं. गोळी लई मोठी, नरड्यात आडकती, मनून खलबत्त्यात कुटून च्यासंगं घेते. सहाला गोळी, सातला रानात, भाकर अकरा-साडेअकराला. पयल्या दिसापासून पोट बिघडलंय, दिसातून चार-पाच येळा जावं लागतं, बायांसंगं खुरपताना मधीच उठून पळावं लागतं, रानात आडोसा बी नसतो, लाजंनं मेल्यागत होतं. आन् दहाच्या पुढं हातपाय थरथर करतेत, सगळं अंग घामानं भिजतं, डोळ्याम्होरं अंधारी येती, एकदा तर पातीवरच बसले. शेजारीण मनती ह्या गोळ्यानं किडनी जाती, तिच्या दिराची गेली, डायलिसिस चालूय. मनून पंधरा दिस झाले गोळी बंद केली, कारल्याचा रस पिते. पोट बरं झालं, घाम बी बंद. पण आता रातीतून तीन-चारदा लघवीला उठते आन् तहान लई लागती. नवरात्र आलंय, मी नऊ दिस उपास धरते, आन् पुनवेला गल्लीतल्या बाया तुळजापूरला चालत जातेत त्यांच्यासंगं जायचंय. गोळी घेऊ का नको?”

ताई, आधी एक विचारते. हे सगळं तुम्ही तुमच्या डॉक्टरला सांगितलं का? सांगितलं नसणार, कारण ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, मागं लाईन लागलेली असती, समोर पुरुष डॉक्टर असला की दिवसातून पाच वेळा जावं लागतं हे बाईच्या तोंडातून निघत नाही, आन् त्यांनी विचारलं काही त्रास आहे का तर आपण नाही म्हणून उठतो. मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काम केलं, टेबलाच्या बाजूला उभं राहून हे रोज बघितलंय. डॉक्टरसमोर “काही नाही” म्हणणारी बाई बाहेर इंजेक्शनच्या खोलीत आली की माझ्यापाशी रडायची.

मी डॉक्टर नाही, तुमचा डोस मी ठरवणार नाही, ते काम डॉक्टरचंच. पण तुमच्या पत्रात तुम्ही तीन गोष्टी सहज लिहून गेलात आन् माझ्या मते बरंचसं उत्तर त्यातच आहे. सहाला गोळी, अकराला भाकर, आन् मधे तो खलबत्ता. डॉक्टरनी गोळी लिहिताना धरलं असणार की बाई गोळी घेईल आन् जेवेल. तुमची भाकरी पाच तासांनी सुटते हे त्यांना कोण सांगणार?

तुम्ही जिला एक गोळी म्हणता तिच्यात दोन औषधं आहेत आन् दोघांचे त्रास वेगवेगळे आहेत. तुमचा घाम, थरथर, अंधारी हे एकाचं काम दिसतंय आन् पोटाचं दुसऱ्याचं. दोन्ही त्रास एकत्र आले म्हणून तुम्हाला वाटलं गोळीच वाईट, कुणालाही वाटेल.

घामाचं आधी घेते, कारण जिवाला धोका त्यात आहे. ग्लिमेपिराइड हे औषध स्वादुपिंडाला, म्हणजे पॅनक्रियाजला, जास्त इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात भाकरी आहे का नाही हे त्याला कळत नाही, ते आपलं काम करत राहतं. भाकरी असली तर वाढलेली साखर खाली येती, नसली तर होती ती साखरही खाली जाती. म्हणूनच ही गोळी दिवसाच्या पहिल्या मोठ्या जेवणासोबत नाहीतर त्याच्या अगदी आधी घ्यायची असती. चहा म्हणजे जेवण नव्हं. त्यात तुम्ही सातपासून वाकून खुरपताय, अंगमेहनतीनं साखर आणखी खर्च होती. दहाला अंग कापायला लागणं हा योगायोग नाही. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की अंग अशी सूचना देतं, थरथर, घाम, छातीत धडधड, अचानक कडकडून भूक, चिडचिड, कधी ओठ आन् जीभ बधिर झाल्यागत वाटणं. तेव्हा कुणी मशीनवर तपासलं नाही म्हणून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण गोळी बंद केल्यावर घामही बंद झाला म्हणता, त्यावरून मला दुसरं काही वाटत नाही. ५४ च्या खाली गेली की मेंदूवर परिणाम सुरू होतो, माणूस असंबद्ध बोलतो, मग झटके, मग बेशुद्ध.

एका रात्रीचं सांगते. साठीच्या पुढचे एक शेतकरी, घरच्यांनी जीपमधे आडवं टाकून आणले होते. अंग गार, सदरा पिळून काढावा इतका ओला, डोळे उघडे पण ओळख नाही. बरोबरची माणसं म्हणत होती वारं गेलं, एक म्हातारी म्हणत होती बाहेरची बाधा आहे, अंगारा लावलेला होता कपाळाला. मी बोटाला सुई टोचली आन् मशीनवर ३४ आकडा आला. शिरेतून ग्लुकोज सोडलं आन् सलाईन निम्मी पण झाली नसेल, ते उठून बसले आन् पोराला विचारायलेत, बैल बांधले का रे. सगळे हसले, रडले. मग घरच्यांनी हट्ट धरला, बरं झालंय माणूस, घरी नेतो. डॉक्टर नाही म्हणत होते, ह्या गटातल्या गोळीचा असर लवकर उतरत नाही, साखर परत पडू शकती, एक दिवस राहू द्या. ऐकलं नाही, सही करून नेलं. पहाटे परत आणलं, पुन्हा तसंच. दुसऱ्या वेळेला मात्र दोन दिवस राहिले आन् चालत घरी गेले. त्या दिवशी त्यांनी संध्याकाळची गोळी घेतली होती आन् पोट दुखतंय म्हणून जेवले नव्हते, एवढंच झालं होतं.

म्हणून ताई, हे पाठ करून ठेवा आन् पातीवरच्या तुमच्या शेजारच्या बाईलाही शिकवून ठेवा. असं झालं की काम तिथंच टाकायचं, बसायचं, चहाचे तीन चमचे ग्लुकोज पावडर नाहीतर साखर पाण्यात कालवून लगेच प्यायची. पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर परत तेवढीच. बरं वाटलं की भाकरी खायची, नुसत्या साखरेवर राहायचं नाही, नाहीतर तासाभरात परत खाली. बिस्कीट, पेढा, चॉकलेट ह्यांची साखर हळू चढती, पहिलं ग्लुकोजच. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीसुद्धा घालायचं नाही, पाणीही नाही, श्वासनळीत जातं, १०८ ला फोन करायचा. ग्लुकोजची पुडी भाकरीच्या फडक्यात नको, फडकं बांधावर राहतं आन् तुम्ही पातीत असता. कंबरेच्या पिशवीत, अंगाशीच ठेवा. बीपीची मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आन् थरथर कळत नाही, घाम मात्र येतो, ते लक्षात असू द्या.

इथं आणखी एक गोष्ट, जी लई जणांना कुणी सांगत नाही. काही पाकिटांत तिसरं औषध असतं, व्होग्लिबोज नाहीतर अकार्बोज. ते आतड्यात साखर फोडायचं काम मंद करतं, त्यामुळं ते चालू असताना घरची साखर खाल्ली तरी रक्तात लवकर पोचत नाही, तिथं ग्लुकोज पावडरच लागती. तुमच्या पाकिटात ते नाही, पण ही माहिती वाचणाऱ्या दुसऱ्यांनी आपलं पाकीट उलटं करून बारीक अक्षर वाचावं. पाकिटाच्या पुढचं मोठं नाव कंपनीचं असतं, औषधाचं खरं नाव खाली बारीक असतं.

आता पोटाचं. हे मेटफॉर्मिनचं काम. हे औषध लिव्हरमधून रक्तात येणारी साखर कमी करतं, इन्सुलिन वाढवत नाही, म्हणून एकटं घेतलं तर साखर धोक्याइतकी सहसा पडत नाही. त्याचा त्रास पोटातच जास्त, पातळ शौचाला होणं, गॅस, मळमळ, तोंडाला धातूची चव, भूक मंदावणं. बहुतेकांचं हे पहिल्या काही आठवड्यात असतं आन् मग आतडी जुळवून घेतात. म्हणूनच सुरुवात शक्यतो ५०० ची एक गोळी जेवणानंतर अशी करतात आन् आठवड्या-दोन आठवड्याला वाढवत नेतात. तुम्हाला दिवसाचे २००० मिलीग्राम चालू होते, त्यात पोट रिकामं. आन् मग खलबत्ता.

ताई, एसआर ह्या दोन अक्षरांचा अर्थ सावकाश सुटणारी. ती गोळी मोठी असती ती उगं नाही, तिचं औषध अशा सामानात बांधलेलं असतं की ते पोटात तासन्‌तास थोडं थोडं सुटावं, म्हणजे आतड्याला एकदम झटका बसू नये. तुम्ही ती कुटली की ती बांधणीच मोडली, आठ-दहा तासात सुटायचं ते सगळं एका घोटात रिकाम्या पोटी पडलं. पोटाला सोपी जावी म्हणून बनवलेली गोळी कुटल्यामुळं पोटाला जड झाली. तुमचा काही दोष नाही ह्यात, मेडिकलवाल्यानं पाकीट देताना “मोडू नका, चावू नका” एवढं सांगायला पाहिजे होतं. गोळी गिळत नसेल तर डॉक्टरला तसंच सांगा, लहान आकाराची, कमी मिलीग्रामची साधी गोळी दोन-तीन वेळेला विभागून देता येती. कधी कधी एसआर गोळीचं नुसतं टरफल शौचातून पडलेलं दिसतं, तेव्हा औषध लागलंच नाही असं समजून परत गोळी घेऊ नका, औषध आत गेलेलं असतं.

आन् माझं एक मत सांगते, पटलं तर डॉक्टरला विचारा. अशी जोडगोळी सुटसुटीत असती, खरंय, पण त्रास होत असेल तर तिची अडचण होती, कारण मेटफॉर्मिन कमी करायचं म्हटलं की ग्लिमेपिराइडही हलतं आन् एक बंद करायचं म्हटलं की दुसरंही बंद होतं. तुमच्यासारख्या रानात जाणाऱ्या बाईला दोन्ही वेगळ्या गोळ्या असल्या तर कुठली कधी घ्यायची, कुठली कमी करायची हे डॉक्टरला नीट बसवता येतं. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड ह्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, जनऔषधी केंद्रातही स्वस्त मिळतात, पैशाची भीती धरू नका.

किडनीचं बोलू. तुमच्या शेजारणीनं खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही, तिनं जे बघितलं ते सांगितलं, फक्त उलट्या बाजूनं बघितलं. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. पण ते शरीरातून बाहेर पडतं ते किडनीतूनच, म्हणून किडनी कमजोर झाली की ते अंगात साचायला लागतं, आन् साचलं तर रक्तात आम्ल वाढण्याचा दुर्मिळ पण गंभीर धोका असतो. त्यामुळं किडनीच्या कामाचा आकडा, ज्याला ईजीएफआर म्हणतात, ३० च्या खाली गेला की डॉक्टर मेटफॉर्मिन बंद करतात, ४५ च्या खाली आला की डोस कमी करतात. घरच्यांना काय दिसतं? किडनी गेली आन् डॉक्टरनी गोळी बंद केली. मग गावभर होतं की गोळीनं किडनी घालवली. किडनी जाती ती वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेनं आन् बीपीनं. आन् आपल्याकडं आणखी एक कारण आहे ज्याच्याकडं कुणी बोट दाखवत नाही, कंबर दुखती गुडघा दुखतो म्हणून दुकानातून सुटी घेतलेली दुखण्याची गोळी, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे, महिनोन्‌महिने. सोयाबीनच्या काढणीत बाया ती गोळी चण्याफुटाण्यासारखी खातात. तुम्ही घेत असाल तर ती आधी सोडा. आन् वर्षातून एकदा क्रिएटिनिन आन् लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घेत जा, त्यावरून किडनीचं लवकर कळतं.

उलट्या-जुलाब लागले, अंगातलं पाणी गेलं, तापात काही खाल्लं जात नाही, उन्हाळ्यात ऊन लागलं, अशा वेळेला मात्र मेटफॉर्मिन चालू ठेवायचं का हे त्याच दिवशी फोन करून विचारायचं. सीटी स्कॅनला शिरेतून औषध देणार असतील तर तिथल्या माणसाला सांगायचं की मी मेटफॉर्मिन घेते. घरात कुणी दारू पिणारं ही गोळी घेत असेल तर त्याला जास्तच धोका, साखर पडायचाही आन् आम्ल वाढायचाही.

आता तुम्ही पंधरा दिवसाखाली गोळी बंद केली त्याचं. घाम थांबला, पोट थांबलं, म्हणून बरं वाटलं, ते मी समजू शकते. पण रात्रीतून तीन-चारदा लघवी आन् सारखी तहान हे साखर चढल्याचं लक्षण आहे. रक्तात जास्त झालेली साखर लघवीतून बाहेर पडती आन् जाताना पाणी ओढून नेती, म्हणून घसा कोरडा. हे असंच चाललं तर वजन उतरायला लागेल, जखम लवकर भरणार नाही, डोळ्याला धुरकट दिसेल. आन् उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखायला लागलं, श्वास जोरात चालायला लागला तर मग ओपीडीची वाट न बघता सरळ मोठ्या दवाखान्यात.

कारल्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, भाजी खा, रस प्या, मेथीदाणे खा. पण कारल्यात औषध किती आहे हे कुणी मोजून देत नाही, आज एक कारलं कडू उद्या दुसरं निमकडू. झाडपाल्याला मी कमी लेखत नाही, मेटफॉर्मिनची कूळकथासुद्धा एका झाडापाशीच जाऊन थांबती, युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती आहे तिच्यातल्या द्रव्यावरून हे औषध सुचलं, आन् १९५७ मधे फ्रान्सच्या जाँ स्टर्न ह्या डॉक्टरांनी शुगरच्या पेशंटवरचा त्याचा उपयोग पहिल्यांदा छापून आणला. तेव्हापासून आजपर्यंत ते टिकलंय ते मोजूनमापून देता येतं म्हणून. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या चूर्णाच्या पुड्यांपासून मात्र लांब राहा, अशा पुड्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखी ऍलोपथीचीच गोळी कुटून घातलेली सापडलीय. त्या चूर्णानं साखर “चमत्कार झाल्यागत” उतरती ती त्यामुळंच, आन् वरून तुमची गोळी चालू असली तर दुप्पट पडती.

एक गोष्ट माझ्या स्वतःची. मला शुगर आहे, नऊ वर्षांपासून मेटफॉर्मिन घेते. तीन वर्षांखाली रात्री तळपाय असे भाजायला लागले की मी ओल्या फरशीवर पाय ठेवून बसायची, मुंग्या येत होत्या, चालताना चप्पल पायात आहे का नाही कळायचं नाही. मी स्वतः सिस्टर असून हे शुगरचंच आहे असं धरून वर्षभर अंगावर काढलं. मग एका डॉक्टरबाईंनी बी १२ तपासायला लावलं, लई कमी निघालं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी १२ हे जीवनसत्त्व आतड्यातून कमी शोषलं जातं, आन् आमचं घर माळकरी, मटण-अंडं कधी शिवलेलं नाही, त्यामुळं आधीच कमी होतं. इंजेक्शनं घेतली, मग गोळ्या, आन् काही महिन्यांनी पाय शांत झाले. तुम्हाला आत्ता आठच महिने झालेत, पण पुढं तळपाय जळायला लागले, जीभ लालबुंद होऊन सोलल्यागत झाली, थकवा आला तर बी १२ चं नाव काढायला विसरू नका. विशेषतः शाकाहारी असाल तर.

डॉक्टर कदाचित तुमची गोळी बदलतील, म्हणून बाकीच्यांचं थोडक्यात. पायोग्लिटाझोननं पायावर सूज येती आन् वजन वाढतं, ज्यांचं हृदय कमजोर आहे त्यांना ती देत नाहीत. २०१३ मधे आपल्या सरकारनं जूनमधे ह्या औषधावर बंदी घातली होती आन् जुलैअखेर इशारा छापण्याच्या अटीवर उठवली. ग्लिप्टिन गटातल्या, म्हणजे सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन वगैरे, त्यातल्या त्यात शांत, एकट्या घेतल्या तर साखर सहसा पाडत नाहीत, क्वचित सांधे दुखतात, आन् पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून पाठीत कळ गेली तर लगेच दाखवायचं.

डापाग्लिफ्लोझिनवर थोडं थांबते, कारण २०२० मधे तिचं पेटंट संपल्यावर ती स्वस्त झाली आन् आता खेड्यापाड्यात पण लिहिली जाती. ती साखर लघवीतून बाहेर काढती. हृदयाला आन् किडनीला तिचा फायदा आहे, औषध चांगलंय. पण लघवीत साखर आली की तिथं बुरशी येती, मग लघवीच्या जागी खाज, लाली, दह्यासारखं पांढरं जातं. बाया हे कुणालाच सांगत नाहीत, नवऱ्यालासुद्धा नाही, चार-चार महिने खाजवून कातडी फुटलेली मी बघितलीय. हे बाहेरख्यालीपणाचं दुखणं नाही, घाणेरडेपणाचं नाही, गोळीचा परिणाम आहे आन् साध्या मलमानं, गोळीनं बरं होतं. दुसरं, ही गोळी चालू असताना कडक उपास करायचा नाही, साखरेचा आकडा फार चढलेला नसतानाही रक्तात आम्ल वाढून उलट्या, धाप लागू शकती.

तर नवरात्राचं. ताई, घट बसवा, माळा घाला, आरती करा, पण ह्या वर्षी नऊ दिवसाचा धरू नका, माझं सरळ म्हणणं आहे. आपल्याकडं उठता-बसता उपास चालतोच, पहिली माळ आन् शेवटची माळ. तेवढा धरायचा असेल तरी डॉक्टरला त्याच तारखा सांगून त्या दिवशी कुठली गोळी घ्यायची कुठली नाही हे लिहून घ्या, निर्जळी बिलकुल नाही. उपासाला साबुदाणा टाळा, तो सरळ साखरच चढवतो, आन् दिवसभर काही न खाता रात्री ताटभर खिचडी म्हणजे दिवसा पडली रात्री चढली असा दोन्हीकडून मार. थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, ताक, असं दोन-तीन वेळेला थोडं थोडं. मधेच अंग थरथरलं तर उपास मोडायचा, लगेच ग्लुकोज, देवीपुढं बसूनच प्या.

पुनवेच्या चालण्याला मी ह्या वर्षी नाही म्हणते. चालणं शुगरला चांगलंच, पण आता तुमची साखर कुठं आहे कुणाला माहीत नाही, गोळी नव्यानं बसायची आहे, आन् बाया अनवाणी चालतात. शुगरमधे तळपायाची जाणीव कमी झाली असेल तर खडा टोचलेला कळत नाही, फोड फुटलेला कळत नाही, कळतो तो चार दिवसांनी वास यायला लागल्यावर. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, बसनं जा, दर्शन घ्या. पुढच्या वर्षी साखर काबूत असली तर चाला, पण पायात चांगले बूट-मोजे, खिशात ग्लुकोज, रात्री मुक्कामाला आरशात बघून दोन्ही तळवे तपासायचे.

आता उद्या-परवा, नवरात्र बसायच्या आत, दवाखान्यात जा. तोपर्यंत ती जोडगोळी आपल्या मनानं परत सुरू करू नका, तिनं तुमची साखर पडत होती असं दिसतंय. पाकीट सोबत न्या, पोराला सोबत न्या, आन् बोलताना लाजायचं नाही. एवढंच म्हणा, साहेब, मी सहाला उठते, सातला रानात जाते, भाकर अकराला खाते, दहाला मला घाम सुटून अंधारी येत होती, पोट दिवसातून पाच वेळा जात होतं, गोळी मी कुटून घेत होते, पंधरा दिवस झाले बंद केलीय, नवरात्राचा उपास आहे. तोंडानं निघत नसेल तर हेच कागदावर लिहून टेबलावर ठेवा. डॉक्टर म्हणाले सकाळी खाल्ल्याशिवाय ही गोळी घ्यायची नाही, तर मग एक तर सकाळी निघताना अर्धी भाकरी आन् शेंगदाण्याची चटणी खाऊन गोळी घ्यायची, नाहीतर गोळीच भाकरीसोबत रानात न्यायची, ह्यातलं काय ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. तीन महिन्याची सरासरी सांगणारी एचबीए१सी, उपाशीपोटीची आन् जेवणानंतरची साखर, क्रिएटिनिन, हे तपासून होईल. जमलं तर घरात एक ग्लुकोमीटर घ्या, पातीवर थरथर आली की तिथंच आकडा बघता येईल, मग अंदाजावर बोलायची गरज नाही.

आन् औषधाचा त्रास झाला तर तो सरकारला कळवायची सोय आहे, १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर त्यासाठीच आहे, पेशंट स्वतः फोन करू शकतो.

उपाशीपोटी रक्त द्यायला जाल तेव्हा भाकरी बांधून सोबत न्या. रक्त देऊन झालं की तिथंच बाकावर बसून खा. पुढं गोळी परत सुरू झाल्यावरसुद्धा तपासणीच्या दिवशी घरून गोळी घेऊन निघायचं नाही, लॅबमधे लाईन लांबली तर पोट रिकामं आन् गोळी आत असं होतं. रक्त, मग भाकरी, मग गोळी, ह्या क्रमानं.